चढता काटा, उतरता काटा

माझे सासरे आमच्याकडे राहायला आले, कारण त्यांच्या इमारतीतले पाण्याचे सगळे पाइप बदलायचे होते. आले त्या संध्याकाळी त्यांनी बॅग भिंतीशी टेकवली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवून घेतला. त्यावर एक किलो साखरेची न फोडलेली पिशवी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"जावईबापू, हा काटा तुम्हाला फसवतोय."

"किती, अण्णा?"

"अकरा ग्रॅम."

"आम्ही त्यावर फक्त केकचा मैदा मोजतो. वर्षातून दोनदा."

"म्हणजे वर्षातून दोनदा फसता," अण्णा म्हणाले आणि काटा उलटा करून त्याचं पोट बघू लागले.

अण्णा वजनमापं खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानांतले तराजू, गोदामांतले ट्रक तोलायचे काटे, इस्पितळांतले तान्ही बाळं तोलायचे पाळणे, सगळं तपासलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण नोकरी सुटली तरी नजर सुटली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाथरूममधला वजनकाटा बाद केला. तिसऱ्या दिवशी थर्मामीटर आणि भिंतीवरचं घड्याळ. चौथ्या दिवशी पाळी माझ्या बायकोची आली.

बायको पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते, अंध वाचकांसाठी. त्यासाठी आमच्या बेडरूममधलं कपाट तिनं रिकामं केलंय, आतून रजया ठोकल्यात, आणि ती त्यात मायक्रोफोन घेऊन बसते. त्या दिवशी एका जाडजूड कादंबरीतली नायिका तीनशे पानं मनात ठेवलेली गोष्ट अखेर बोलायला तोंड उघडते, आणि कपाटाचं दार उघडून अण्णा म्हणतात, "अगं, हा थर्मामीटर कुठून घेतलास?" हे सगळं स्वच्छ आवाजात मुद्रित झालं.

मी घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती.

"अरे, या आठवड्यात मी एक तर हे पुस्तक संपवीन नाही तर अण्णांना. उद्यापासून त्यांना लॅबमध्ये घेऊन जा."

"लॅबमध्ये? अगं, तिथं लेसर आहे."

"मग त्यांना गॉगल दे."

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. माझं घोडं दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेजारच्या सीटवर बसून गाडीचा वेग मनगटातल्या घड्याळावर आणि रस्त्याकडेच्या दगडांवर पडताळून पाहत होतं.

लॅबमध्ये ते दिवस धामधुमीचे होते. दोन वर्षं राबून मी एक शोध लावला होता. त्याचा निबंध एका चांगल्या नियतकालिकाकडे गेला होता, आणि पुढच्या शुक्रवारी आमच्या मॅडम त्याच विषयावर एका मोठ्या परिषदेत बोलणार होत्या. मॅडम म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुख. त्यांचं बोलणं मोजकं, आणि हसणं त्याहून मोजकं. मी अण्णांची ओळख करून दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "बसा. कशाला हात लावू नका," आणि निघून गेल्या.

"बाई कडक आहेत," अण्णा समाधानानं म्हणाले.

मी त्यांना माझा नमुना दाखवला. नखाएवढा सेमीकंडक्टरचा तुकडा, तांब्याच्या ठोकळ्यावर चिकटवलेला.

"यात समोरासमोर दोन आरसे आहेत," मी सांगितलं, "आणि मधोमध क्वांटम विहीर."

अण्णांनी खिशातून भिंग काढलं आणि वाकून बराच वेळ पाहिलं.

"पाणी?"

"पाणी नाही, अण्णा. इलेक्ट्रॉन. एक थर असतो, इतका पातळ की त्यात सापडलेल्या इलेक्ट्रॉनला वरखाली हलता येत नाही. विहिरीत पडल्यासारखा अडकतो, म्हणून विहीर म्हणायचं. आणि दोन आरशांमधल्या पोकळीला म्हणतात कॅव्हिटी."

"दातात असते ती?"

"तशीच. फक्त हिच्यात प्रकाश अडकतो. या आरशावरून त्या आरशावर हजारदा आपटतो, आणि प्रत्येक खेपेला विहीर ओलांडतो."

"मग?"

आता मला उत्साह आला. दोन वर्षांत घरच्या कुणी 'मग?' असं विचारलं नव्हतं. बायकोला मी पहिल्या वर्षी सांगितलं होतं तेव्हा ती 'छान' म्हणाली होती.

"साध्या काचेतून दुप्पट प्रकाश सोडला की पलीकडे दुप्पट येतो. इथं तसं नाही. प्रकाश थोडा थोडा वाढवत न्या, पलीकडे जवळजवळ काही येत नाही. वाढवा, तरी नाही. आणि मग एका जागी एकदम उडी! लख्ख! कारण विहीर भरत जाते, भरली की तिचा स्वभाव बदलतो, आणि पोकळी प्रकाशाला वाट सोडते."

"आणि कमी करत आणलं की त्याच जागी विझतं."

"नाही! तीच तर गंमत आहे. एकदा वाट मिळाली की ती सहजासहजी बंद होत नाही. बरंच खाली यावं लागतं, मग विझतं." मी पडद्यावर माझा आलेख उघडला. वर जाणारी रेघ एका जागी उडी मारत होती, खाली येणारी दुसऱ्याच जागी कोसळत होती, आणि दोघींच्या मध्ये एक छान गुबगुबीत कडं तयार झालं होतं. हे कडं माझ्या मोबाइलच्या पडद्यावरही होतं. "या मधल्या पट्ट्यात बघा. आत जाणारा प्रकाश तोच, पण खालून आलात तर अंधार, वरून आलात तर उजेड."

अण्णांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला.

"म्हणजे भार एकच, आणि वाचनं दोन."

"हो!"

"चढताना एक, उतरताना दुसरं."

"बरोब्बर!"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू," ते दुखवट्याला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "हे बाद आहे."

मग त्यांनी मला काटा कसा तपासतात ते सांगितलं. आधी वजनं चढवत न्यायची, पाच किलो, दहा, वीस. प्रत्येक पायरीला वाचन लिहायचं. मग तशीच उतरवत आणायची. दोन्ही रकाने जुळले तर पास. नाही जुळले तर कुठं तरी घासतंय, किंवा स्प्रिंग थकलीय.

"अण्णा, काट्यात तो दोष. इथं तोच गुण आहे. यातून प्रकाशानं चालणारा स्विच होईल, विजेपेक्षा कितीतरी जलद. त्याचा स्वभावच तसा आहे."

"दुकानदारही असंच म्हणायचे," अण्णा म्हणाले. "'साहेब, आमच्या काट्याचा स्वभावच तसा आहे.' बरं, प्रत्येक पायरीवर थांबता किती?"

"अर्धा सेकंद. संगणक थांबतो."

"अर्धाच का?"

खरं उत्तर असं होतं की माझ्याआधी इथं काम करणाऱ्यानं प्रोग्रॅममध्ये अर्धा लिहून ठेवला होता, आणि कडं सुरेख येत होतं, म्हणून मी त्याला हात लावला नव्हता. मी म्हणालो, "पुरतो तेवढा."

"काटा स्थिरावला की नाही ते कोण बघतं?"

मला वर्गावर जायचं होतं. दोन तास त्यांना कुठंतरी गुंतवायला हवं होतं. लेसर पेटीत बंद होता, किरण नळीतून जायचा, बाहेर होतं ते फक्त एक गोल बटण आणि आकडे दाखवणारी एक डबी. मी त्यांना गॉगल दिला, बटण हातात दिलं, माझी वही दिली आणि म्हणालो, "तुम्हीच तपासून बघा मग." पुढं मला बायकोनं विचारलं की हे मी कौतुकानं म्हणालो की टिंगलीनं. टिंगलीनं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दोन तासांनी परत आलो तर अण्णा गॉगल लावून, पाठ ताठ ठेवून, डबीसमोर बसलेले. आकडा पूर्ण हलायचा थांबेपर्यंत ते वाट पाहत होते, आणि मगच लिहीत होते. एका पायरीला दोन मिनिटं, कधी अडीच. वहीच्या पानावर मोत्यासारख्या अक्षरात दोन रकाने होते: 'चढता भार' आणि 'उतरता भार'.

दोन्ही रकाने सारखे होते.

मी हसलो. मग खुर्ची ओढून बसलो. मग संगणकाकडून अर्ध्या अर्ध्या सेकंदानं मोजून घेतलं: गुबगुबीत कडं. पाच सेकंदांनी: कडं रोडावलं. एका मिनिटानं: दोरा. दोन मिनिटांनी दोराही नाही, दोन रेघा एकीवर एक.



विहिरीतल्या इलेक्ट्रॉनांचा जो काही निकाल लागायचा तो सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत लागतो. मी अर्धा सेकंद थांबलो काय आणि दोन मिनिटं थांबलो काय, त्यांना काडीचा फरक पडायला नको. ज्याला मिनिटं लागतात ती गोष्ट एकच, उष्णता. लेसरनं नमुना तापत होता. चढताना त्याला तापायला सवड मिळत नव्हती, उतरताना निवायला सवड मिळत नव्हती, आणि त्या दोन उशिरांच्या मधली फट म्हणजे माझं कडं. थोडक्यात, वस्तू तापायला वेळ लागतो, हा शोध लावायला मला दोन वर्षं लागली होती. दूध तापवणाऱ्या प्रत्येकाला हा शोध आधीच लागलेला आहे.

"जुळले की!" अण्णा खुशीत म्हणाले. "यंत्र चांगलं आहे हो तुमचं." मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

"नाही, अण्णा. तुमचं नाही."

परतताना त्यांनी गाडीचा वेग तपासला नाही. जेवताना भात तसाच ठेवून उठले आणि मुलीला हळूच म्हणाले, "मी त्याचं काहीतरी मोडलं बहुतेक." बायकोनं मला गाठलं. मी सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली.

"मॅडमना सांगितलंस?"

"सांगीन."

"कधी?"

"त्यांचं शुक्रवारचं भाषण होऊ दे. उगाच ऐन वेळी..."

"अच्छा," ती म्हणाली. बायकोचं 'अच्छा' हे अण्णांच्या 'बाद'पेक्षा वाईट असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं लॅबमध्ये पोचलो तर मॅडम माझ्या टेबलाशी उभ्या. त्यांच्या हातात माझी वही. मी ती काल तशीच उघडी टाकून गेलो होतो.

"हे अक्षर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

पानाच्या तळाशी अण्णांनी, चौतीस वर्षांच्या सवयीनं, शेराही लिहिला होता. मी तो पाहिलाच नव्हता. मॅडमनी मोठ्यानं वाचला: "'सदर उपकरण चढत्या व उतरत्या भारास निरनिराळी वाचने देते, असे उपकरणधारकाचे म्हणणे आहे. प्रत्यक्ष तपासणीत, पुरेसा वेळ थांबले असता, दोन्ही वाचने जुळतात. सबब उपकरण निर्दोष असून दोष धारकाच्या घाईचा आहे.'"

मॅडमनी वही मिटली. 

"तू पडताळलंस?"

"काल. चार वेगांनी. बरोबर आहे."

"मला कधी सांगणार होतास?"

'आत्ताच निघालो होतो' हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण मागं अण्णा उभे होते, कोटाची सगळी बटणं लावून, आणि त्यांच्यासमोर खोटं वजन टाकायची माझी छाती झाली नाही.

"शुक्रवारनंतर," मी म्हणालो.

मॅडम खुर्चीत बसल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "निदान हे तरी खरं सांगितलंस," त्या म्हणाल्या. मग अण्णांकडे वळल्या. "बटण तुम्ही फिरवलंत ना? मला दाखवा. अगदी तसंच."

त्या दिवशी सकाळचे तीन तास मॅडमनी स्वतः बटण फिरवलं आणि अण्णांनी वाचनं सांगितली. मला दोघांनी मिळून एकच काम दिलं, गप्प बसायचं. बाराच्या सुमाराला मॅडमनी पेटी उघडली, बारीक चिमटा घेतला आणि नमुन्याच्या कडेला हलकेच टेकवला. नमुना दुखऱ्या दातासारखा हलला. मी लावलेला डिंक सुकून तुकडा तीन कोपऱ्यांनी सुटला होता. एका कोपऱ्यावर तोल सांभाळत बिचारा दोन वर्षं लेसर खात बसला होता, आणि अंगातली ऊब तांब्यात सोडायला त्याला जागाच नव्हती.

"कुणी चिकटवला?"

"मी."

"हं," मॅडम म्हणाल्या.

दुपारी त्यांनी नियतकालिकाला निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. दोन वाक्यांचं. माझी सही त्यांच्या सहीच्या वर होती; तिथं ती नसती तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. परिषदेचं भाषण मात्र त्यांनी रद्द केलं नाही. विषय बदलला. 'आम्ही दोन वर्षं कसे फसलो' यावर त्या चाळीस मिनिटं बोलल्या, अर्धा सेकंद, सुकलेला डिंक, सगळं. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की भाषणानंतर तीन ठिकाणचे लोक एकेकटे, इकडेतिकडे बघत त्यांच्याजवळ आले, आणि तिघांनीही दबक्या आवाजात एकच विचारलं: डिंक कोणता होता?

इकडे अण्णांच्या इमारतीतल्या पाइपवाल्यांनी काम लांबवलं. अण्णा रोज माझ्याबरोबर येत राहिले. आता ते पाहुणे नव्हते. त्यांना एक स्टूल मिळालं होतं, आणि मॅडम सकाळी आल्या की आधी त्यांना विचारायच्या, "काल काय आलं?" माझ्याच कामाची माहिती मला दोघांच्या बोलण्यातून कळायची.

आम्ही नमुना चांदीच्या पेस्टनं नव्यानं बसवला. पातळ थर, चारी कोपरे टेकलेले. लेसरच्या वाटेत खाचा पाडलेली एक चकती गरगर फिरत ठेवली, म्हणजे प्रकाश सलग न पडता क्षणाक्षणाच्या झपक्यांनी पडेल, आणि नमुन्याला तापायला फुरसतच मिळणार नाही. प्रत्येक झपक्यात प्रकाश आधी चढायचा, मग उतरायचा, आणि त्यातल्या कोणत्या पायरीचं वाचन घ्यायचं ते आता बटण ठरवायचं. पहिला आठवडा काहीच दिसलं नाही. दोन रेघा एकीवर एक, अगदी निर्दोष. अण्णांना आनंद आणि मला शोककळा. मी घरी येऊन बायकोला म्हणालो की दोन वर्षं डोंगर पोखरला आणि उंदीरसुद्धा निघाला नाही.

"माझ्यासमोर रड, पण नमुना पुन्हा लाव," ती म्हणाली.

तेव्हा आम्ही लेसरचा रंग बदलत गेलो, केसभर केसभर. पोकळीला कोणता रंग मानवतो आणि विहिरीला कोणता, यात जरासं अंतर असतं, त्या अंतरात कुठंतरी ती उडी असायला हवी होती. दिवसाला एक रंग. प्रत्येक रंगाला चढता रकाना, उतरता रकाना. आणि अण्णांचा हट्ट, प्रत्येक गोष्ट दहा वेळा. मॅडम पाच पुरे म्हणायच्या. "बाई, पाच वेळा तर चोरही प्रामाणिक वागतो," अण्णा म्हणाले, आणि मॅडम हसल्या. मी ऐकलं. खरंच हसल्या.

अठराव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, दोन रेघा एकमेकींपासून सुटल्या.

अगदी जरा. आधीच्या गुबगुबीत कड्याच्या विसाव्या हिश्शाएवढं एक कडं, अंगठी म्हणावी तर तान्ह्या मुलीचीही नव्हे. मी चकतीचा वेग दुप्पट केला. कडं तेवढंच. निम्मा केला. तेवढंच. पायऱ्यांवर थांबायची वेळ वाढवली, कमी केली. ते जागचं हललं नाही.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

सातव्यांदा तसंच आल्यावर अण्णांनी मला बाजूला सारलं, स्टुलावर बसले आणि बटण स्वतः हाती घेतलं. तासभर ते तिथून उठले नाहीत. चढता रकाना लिहिला, उतरता लिहिला, मग पुन्हा पहिल्यापासून. एका वाचनावर तर ते पाच मिनिटं डोळे न हलवता बसले होते, एखादा बनेल दुकानदार आता तरी कबूल होईल या आशेनं. आकडा ढिम्म हलला नाही. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"जावईबापू, हा खरंच दोन वाचनं देतोय."

"हो, अण्णा."

"कितीही थांबलं तरी?"

"कितीही."

"घासत नाही, थकलेला नाही, नीट टेकलाय." त्यांनी पुन्हा एकदा भिंगातून त्या नखाएवढ्या तुकड्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत त्यांनी किती काटे याच एका कारणावरून बाद केले असतील, आणि आता हा समोर बसला होता, तब्येतीनं ठणठणीत, आणि तरीही एकाच भाराला दोन उत्तरं देत होता. मला उगाच वाईट वाटलं. माझा मोठा शोध गेला त्या दिवशी त्यांना कसं वाटलं असेल, ते मला आत्ता कळलं.

"मग शेरा काय लिहायचा?" मी विचारलं. "पास की बाद?"

अण्णांनी बराच विचार केला. पेन उचललं, दोनदा कागदावर टेकवलं, दोनदा उचललं, आणि मग लिहिलं: 'प्रकरण निरीक्षकाच्या अधिकारक्षेत्राबाहेरचे आहे.' खाली सही केली, तारीख घातली, आणि वही मॅडमकडे दिली. मॅडमनी ती वाचली आणि त्याखाली स्वतःची सही केली.

मग त्या पिशवी खांद्याला लावून निघाल्या. दारात थांबून मला म्हणाल्या, सोमवारी दुसरा नमुना घे, एकावर विसंबून चालणार नाही. आणि अण्णांकडे वळून म्हणाल्या, "सोमवारी तुम्ही येताय ना?"

"पाइपचं काम काल संपलं," अण्णा म्हणाले. "पण येतो. बस आहे तिकडून."

मला कुणी विचारलं नाही. मी दिवा मालवला आणि त्या दोघांच्या मागोमाग जिना उतरलो.